पैशाला घर दाखवणारे मामा

बँकेवर एवढा विश्वास आणि तिच्यावरच एवढा अविश्वास, दोन्ही एकाच छातीत घेऊन जगणारा माणूस आमच्या मामांशिवाय अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. पुणे जिल्हा म्हणतोय ते जपून म्हणतोय, कारण मी बघितलेलं जग म्हणजे शिरूर, दौंड, रांजणगावची एमआयडीसी आणि त्याच्यापुढं एकदम मस्कत. मधलं बरंच बघायचं राहून गेलंय. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. दौंडजवळ त्यांचं थोडं रान, त्यात थोडा ऊस, थोडी तरकारी आणि बाकी सगळा कांदा. माझे वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. शाळा तिथंच थांबली. काही वर्षं रांजणगावात ठेकेदाराच्या हाताखाली हेल्पर म्हणून काढली आणि मग एका एजंटच्या ओळखीनं इकडं सळई बांधायच्या कामावर आलो. तिकिटाला कमी पडत होतं तेव्हा मामांनी ऐन पडलेल्या भावात साठवणीचा कांदा विकून चाळ रिकामी केली होती. त्याबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत. मी विषय काढला की म्हणतात, "त्यो कांदा नासकाच हुता." तो नासका नव्हता. गोण्या मीच भरल्या होत्या.

तर माझा पगार मामांच्या खात्यावर जायचा. आईचं खातं नव्हतं असं नाही. कुठल्यातरी योजनेत कधीतरी उघडलं होतं. पण आईला बँकेच्या काचेच्या दाराची भीती. ते ओढायचं का ढकलायचं हे न कळून ती एकदा पायरीवरच बसून राहिली आणि दुपारी तशीच मांडवगण फराट्याला आमच्या वस्तीवर परत आली. मामांचं खातं जुनं. कारखान्याचं उसाचं बिल त्यावर जमा व्हायचं, त्यामुळं शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना ओळखायचे. ओळखायचे म्हणजे थोडे घाबरूनच असायचे.

पगार झाला की माझा पहिला फोन मामांना. तब्येत कशी, जेवलास का, असलं काही नाही. पहिला प्रश्न, "आज काय भाव निघाला?" भाव रियालचा. इथं पैसे पाठवायच्या दुकानात काचेमागं आकडे लावलेले असतात, ते मी वाचून दाखवायचो. मामांच्या लेखी रियाल हा कांद्यातलाच एक प्रकार होता, फक्त लांबच्या रानात पिकणारा. भाव दोन पैशानं उतरलेला असला की ते गंभीर आवाजात सांगायचे, "पडलाय. सोडू नगं. चाळीत ठिव दोन दिस." मी म्हणायचो, "मामा, खोलीत आठ माणसं हायती. पैसे उशाखाली घिऊन झोपावं लागतं." त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं, "मग डोकं जड ठिव." मी मुळातच काळजी करणारा माणूस. ते दोन दिवस मी बांधकामाचं पायाड चढताना सुद्धा उशीचाच विचार करायचो. आणि फार थांबलो तरी बोलणी मलाच, "आरं, लई ठिवला की कोंब फुटतो. उद्या सोडून टाक." या धोरणानं इतक्या वर्षांत मला एखाद्या चहाचा फायदा झाला असावा. झोपेचं नुकसान वेगळं.

पैसे दौंडला पोचले की मामांच्या फोनवर मेसेज वाजायचा. मामांचा मेसेजवर काडीचा विश्वास नाही. "मेसेज मला कोटीची लाटरी लागल्याचाबी आलाय. म्हून मी काय माडी बांधायला काढली का?" मग ते धुतलेली टोपी घालायचे, कॅशियर बाईंसाठी मेथीची जुडी घ्यायचे आणि मोपेडवर बसून बँकेत जायचे. बाई नव्या होत्या तेव्हा त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला होता.

"मामा, पैसे आलेत. मला स्क्रीनवर दिसतायत."

"तुम्हाला दिसत्यात वं. मला कुठं दिसत्यात? काढा भाईर."

"सगळे?"

"मग काय अर्धा पोरगा परदेशात हाय?"

सगळे पैसे काढून, सदऱ्याच्या आतल्या बंडीच्या खिशात घालून, वरनं सेफ्टी पिन लावून मामा निघायचे ते थेट आमच्या वस्तीवर. वाटेत कुणी "कुठं निघाला मामा?" विचारलं तर "बाजारला" म्हणायचे. बाजाराचा वार असो वा नसो. एकदा ज्यानं विचारलं तो स्वतःच बाजार समितीतला हमाल होता आणि त्या दिवशी बाजार बंद म्हणून घरी चालला होता. मामा त्यालाही "बाजारला" म्हणाले आणि मोपेड पळवली.

घरी आले की पुडकं देव्हाऱ्यात. आई वरच्या नोटेला हळदकुंकू लावायची, मामा भाकरी खायचे, आणि पैसे त्या रात्री आमच्या घरी मुक्कामाला राहायचे. सकाळी चहा झाला की मामा आईला महिन्याच्या खर्चाचे काढून द्यायचे आणि उरलेले परत नेऊन त्याच बँकेत, त्याच बाईंकडं भरायचे. बाई म्हणायच्या, "मामा, कालच तर नेले होते." मामा म्हणायचे, "व्हय. घर दाखवून आणले." त्यांचं म्हणणं साधं होतं. पैसा समुद्र ओलांडून एवढ्या लांबून येतो; त्यानं घर न बघता दौंडच्या तिजोरीत जाऊन पडायचं, हे माणुसकीला धरून नाही. शिवाय एकदा घर बघितलं की त्याला वाट कळते. पुढच्या खेपेला न चुकता येतो.

यात माझी काय अवस्था व्हायची ते कुणी विचारत नव्हतं. मी इकडून फोन करायचो, "पोचलं का मामा?" तर उत्तर यायचं, "बँकेत पोचलं. घरी उद्या पोचंल." आता बँकेत पोचलेले पैसे परत मोपेडवर बसणार, घोड नदीच्या नाही तर भीमेच्या पुलावरनं जाणार, हे कळल्यावर माणसाला घास कसा उतरावा? मी सांगून बघितलं, विनवून बघितलं. पण मग एकदा बहिणीनं, मनीषानं, मला घरात काय चालतं ते सांगितलं आणि माझं तोंड बंद झालं. देव्हाऱ्यासमोर बसून आई त्या पुडक्याला विचारायची, "जेवतंय का वेळेवर?" आणि पैशाच्या वतीनं मागनं मामा उत्तर द्यायचे, "जेवतोय. जाड झालाय." "ऊन लई असंल?" "हाय. पर टोपी घालतोय." आई फोनवर मला हेच प्रश्न विचारायची आणि मी हीच उत्तरं द्यायचो, पण फोनवरचं तिला पटायचं नाही. पैशानं सांगितलेलं पटायचं, कारण तो माझ्या हातातनं निघून तिच्यासमोर येऊन बसलेला असायचा.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मनीषाला पुण्यात नर्सिंगला नंबर लागला. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं ते पहिलंच माणूस. मला तर कामावर कुणी "तुझी बहीण काय करते?" विचारावं म्हणून मीच विषय काढायचो. पहिल्या वर्षाची फी शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन भरायची होती, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. मी ओव्हरटाइम केला, फोरमनकडून उचल घेतली, आणि या खेपेला भाव न बघताच पैसे सोडले. गुरुवारी ते दौंडला पोचले. मामांना मी फोनवर बजावून सांगितलं, "मामा, ह्या येळंला घर दाखवू नका. बँकेतनंच मनीच्या खात्यात टाकायला सांगा." मामा म्हणाले, "बरं."

मामांचं "बरं" म्हणजे ऐकू आलं एवढंच असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. एवढी मोठी रक्कम आजवर आली नव्हती. दरवेळचे किराणा-मिठाचे पैसे घर बघणार आणि पोरीच्या शिक्षणाचे पैसे न बघता जाणार, हे त्यांना कसं पटावं? गुरुवारी दुपारी सगळे पैसे घेऊन ते वस्तीवर हजर. आईचाही ऊर भरून आला. तिनं या वेळी नुसत्या वरच्या नोटेला बोट लावलं नाही. परातीत नोटा पसरल्या, तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि ओंजळीनं हळदकुंकू वाहिलं. मनीषा म्हणते, परात अशी दिसत होती की जणू नोटांचंच लग्न लागलंय.

शुक्रवारी सकाळी मामा मनीषाला मोपेडवर मागं बसवून दौंडच्या बँकेत गेले, तर शटर खाली. सणाची सुट्टी. वॉचमन म्हणाला, "उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. सोमवारी या." मामांना कांदा मार्केटच्या वर्षभराच्या सुट्ट्या तोंडपाठ, बँकेला पण सुट्ट्या असतात याकडं त्यांनी कधी लक्षच दिलं नव्हतं. मनीषा म्हणाली, पैसे भरायचं मशीन असतं, त्याला सुट्टी नसते. मशीनमध्ये पुडकं ठेवलं. मशीननं आत घेतलं, घरघर केली आणि सगळ्या नोटा जशाच्या तशा बाहेर टाकल्या. हळदीनं पिवळ्या आणि कुंकवानं लाल झालेल्या त्या नोटा त्याला नोटा वाटतच नव्हत्या. मामांनी धोतराच्या सोग्यानं पुसून परत ठेवल्या. कुंकू आणखी पसरलं. शनिवारी सकाळी ते शिरूरच्या मशीनकडं गेले. त्यानंही तेच केलं. मामा त्याला म्हणाले, "आरं, लक्ष्मी हाय, थुकतोस काय?" मागं रांगेतला एकजण हसला. मनीषा रडायला लागली होती. वस्तीवर सगळ्यांना विचारून झालं होतं, पण आमच्याकडच्या लोकांच्या फोनात रिचार्जपुरतेच पैसे असतात.

तिथनं मनीषाचा मला फोन आला. मी वरच्या मजल्यावर सळई बांधत होतो. ऐकलं आणि पायाडावरच खाली बसलो. इथं एवढ्या लांब बसून माणूस करणार काय? एकदा पाठवलेला पगार परत खिशात येत नसतो. मला एकच चित्र दिसत होतं: मनीषा पण माझ्यासारखी कंपनीच्या गेटवर डबा घेऊन उभी आहे. मागनं मामांचा आवाज आला, "त्याला म्हणाव, काम कर. आन् तू बस गाडीवर. जिथं पगार फोनात येतो तिथं जाऊ."

ती जागा म्हणजे रांजणगाव. आठवड्यातनं दोनदा मामा तिथं कंपनीच्या बसेस थांबतात त्या चौकात तरकारी विकायचे, आणि तिथल्या पोरांत ते 'रोकडा मामा' म्हणून प्रसिद्ध होते. पोरगं जुडी घ्यायचं आणि "मामा, स्कॅनर कुठंय?" विचारायचं, की मामा जुडी परत ओढून घ्यायचे. "फोनातला पैसा मला नगं. रोकडा दे, न्हाई तर बिनकोथिंबिरीची भाजी खा." कितीतरी पोरांनी या माणसापायी बिनकोथिंबिरीची भाजी खाल्लेली. तेच मामा शनिवारी दुपारी, शिफ्ट सुटायच्या वेळेला, टोपी सरळ करून, परातीतल्या त्या रंगीत नोटा हातात धरून चौकात उभे राहिले आणि म्हणाले, "फोनातला पैसा पायजे. रोकडा देतो."

पहिलं पोरगं आलं ते बघतच राहिलं. "का वं मामा? कोथिंबिरीला फोन चालत नव्हता."

"नव्हता चालत. आज चालतोय. ह्या पोरीच्या फोनात टाक आन् नोटा घे."

"मामा, ह्या नोटा कुठनं आणल्या? लग्नातनं उचलल्या का?"

"तुझ्या लग्नात उचलीन. आता टाक."

एकानं दोन हजार टाकले, दुसऱ्यानं तीन. एक बिहारकडचा पोरगा नोट उलटीपालटी करत म्हणाला, "चाचा, इस पे ये लाल-लाल क्या है?" मामांचं हिंदी त्यांच्या मोपेडसारखं, चढावर धापा टाकणारं. ते म्हणाले, "कुंकू है. मेरे भांजे का पैसा है. मस्कतसे आया, घर देखके आया. तेरा पैसा घर देखता है क्या?" त्या पोरानं नोट सरळ करून वरच्या खिशात घातली. मग त्यानं फोन काढला. मनीषा सांगते, त्यानं सगळ्यात जास्त टाकले.

गर्दी झाली तसा जवळच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला आला. बोगस नोटा खपवायचा धंदा दिसतोय, म्हणाला. एक नोट हिसकावून त्यानं उन्हात धरली आणि "पोलिसांना बोलवू का?" विचारलं. फोन काढलेली पोरं दोन पावलं मागं सरली. चार वाजून गेले होते. मामा कुणापुढं आवाज खाली करणारा माणूस नाही. पण मनीषा म्हणते, तिनं त्यांना पहिल्यांदाच टोपी काढून हातात घेतलेलं बघितलं. "साहेब," मामा त्याला म्हणाले, आणि तो साहेब मामांच्या धाकट्या पोराएवढा होता. "चूक माझी हाय. भाचा नगं म्हणत हुता, मीच घरी नेल्या. बोगस म्या हाय, नोटा खऱ्या हायती. पाचच्या आत पोरीची फी भरली न्हाई तर तिची जागा जाती. मला मग न्या कुठं न्यायचं ते." मनीषानं कॉलेजचा मेसेज पुढं धरला. त्यानं तो सावकाश वाचला. तो लातूरकडचा होता. म्हणाला, "माझी बहीण राहिली शिकायची." मग स्वतः दोन हजार टाकले, बदल्यातल्या नोटा कपाळाला लावून खिशात ठेवल्या आणि मागं सरलेल्या पोरांवर ओरडला, "आता काय फोटो काढायचाय का? टाका की."

शेवटी पाचशे कमी पडत होते. टपरीवरचा चहावाला म्हणाला, "मी टाकतो. नोट राहू द्या. पोरगी नर्स झाली की सुई हळू टोचायला सांगा म्हंजी झालं." टपरीच्या बाकावर बसून मनीषानं फी भरली. मला फोन आला तेव्हा मी तसाच पायाडावर होतो. "भरली," मामा म्हणाले. मग म्हणाले, "पर दत्तू, तुझ्या समद्या नोटा रांजणगावात पांगल्या रं. कुणाकुणाच्या घरी गेल्या काय म्हाईत. बिहारलाबी गेल्या असतील." मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस घर दाखवायचं बंद करेल. त्यांनी फक्त दोन सुधारणा केल्या. आईला एकापेक्षा जास्त नोटांना कुंकू लावायची बंदी घातली, आणि कॅशियर बाईंकडून बँकेचं कॅलेंडर मागून आणून ते गोठ्यात टांगलं.

आता मनीषा पिंपरीत दवाखान्यात नोकरी करते. तिनं आईचं खातं फोनला जोडून दिलं, काचेचं दार आता मध्ये येतच नाही. माझे पैसे सरळ आईच्या खात्यात जातात. आई फोनवर सांगते, "मेसेज आला रं." लाइट बिलाचा मेसेज आला तरी ती याच आवाजात सांगते. सोय झाली, माझी झोपही सुधारली. मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मोपेड नातवानं घेतली, आणि पैशाला घर दाखवायचं काम आपोआप सुटलं. पण मी कधीकधी हिशेब करायला जातो आणि अर्ध्यात सोडून देतो. इतक्या वर्षांत माझे पैसे दर महिन्याला घरी मुक्काम करून आले. मी स्वतः किती रात्री त्या घरात झोपलो, ते हाताच्या बोटावर मोजायला नको वाटतं.

मागच्या सुट्टीत परत निघताना मामांना भेटायला गेलो. ते कांद्याच्या चाळीपाशी खाटेवर बसले होते. बंडीच्या खिशाची पिन काढून त्यांनी पाचशेची एक नोट काढली. कडेला कुंकवाचा डाग तपकिरी पडलेला. टपरीवाल्यानं न घेतलेली तीच. मामा कितीदा द्यायला गेले, पण त्यानं शेवटपर्यंत घेतली नाही. "ही घिऊन जा," मामा म्हणाले. "आजवर तिकडचा पैसा हिकडं येऊन घर बघून गेला. हिला तुझं तिकडचं घर दाखव."

माझं तिकडचं घर म्हणजे दुमजली लोखंडी खाटेतला खालचा मजला, एक खिळा, खिळ्याला दोन शर्ट. पण सांगितल्याप्रमाणं केलं. पहिल्या रात्री नोट उशाशी ठेवली. सकाळी पाकिटात घातली. इथल्या दुकानात ती चालत नाही, बँकेत भरता येत नाही, त्यामुळं ती आपली माझ्याजवळच राहते. मामांना फोन करून सांगितलं, "दाखवलं घर."

"काय म्हणली?"

इतकी वर्षं पैशाच्या वतीनं मामा बोलत आले होते. आता ती पाळी माझ्यावर आली. मी म्हणालो, "जागा बरी हाय म्हणली. पर रातभर झोपली न्हाई."

मामांनी नेहमीसारखं विचारलं, "आज काय भाव निघाला?" मी काचेमागचा आकडा आठवून सांगितला.

"बरा हाय की," मामा म्हणाले. "लई दिस चाळीत राहू नगं, दत्तू. कोंब फुटतो."